जीआरई व्हर्बल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआरई म्हणजे परदेशात, मुख्यतः अमेरिकेत, पदवीनंतर शिकायला जाण्यासाठी द्यायची परीक्षा, आणि व्हर्बल हा तिचा इंग्रजीचा भाग. सदाशिव पेठेत मी या व्हर्बलची छोटी बॅच घेते, दहा-बारा जणांची. दर जूनमध्ये फोनवर तेच ते प्रश्न येतात. मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, एकदा तर एका आजोबांनी वहीत लिहून आणलेले सतरा प्रश्न ओळीने विचारले. सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे पान. क्वांटबद्दल, म्हणजे गणिताच्या भागाबद्दल, इथे काही नाही. ते माझं काम नव्हे, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना त्यासाठी माझी गरजही पडत नाही.

व्हर्बलमध्ये नेमकं असतं काय?

दोन भाग असतात. पहिल्यात १२ प्रश्न आणि १८ मिनिटं, दुसऱ्यात १५ प्रश्न आणि २३ मिनिटं. प्रश्न तीन तऱ्हेचे. एक, उतारा वाचून उत्तरं देणं. दोन, वाक्यातल्या गाळलेल्या जागा भरणं. जागा एक, दोन किंवा तीन असतात. तीन, एकाच रिकाम्या जागेसाठी सहा शब्दांतून असे दोन निवडणं, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांचे असतात. शब्दांच्या मागे लागलेल्यांना हे आधी सांगावं लागतं.

याशिवाय सुरुवातीला एक निबंध असतो, ३० मिनिटांचा. त्याचे गुण ० ते ६ असे वेगळे मिळतात, व्हर्बलमध्ये धरत नाहीत.

माझ्या दादाच्या वेळी परीक्षा पावणेचार तासांची होती. आता?

२२ सप्टेंबर २०२३ पासून ती १ तास ५८ मिनिटांची झाली. दोनाचा एक निबंध झाला, प्रश्न कमी झाले, मधली दहा मिनिटांची सुट्टी गेली. दादाच्या नोट्स वापरायला हरकत नाही, कारण प्रश्नांचे प्रकार तेच आहेत. त्याचं वेळापत्रक मात्र वापरू नका.

आप्पा बळवंत चौकात जाडजूड जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं. चालेल का?

आधी आत उघडून बघा. विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न आणि ‘अमुकचं तमुकशी जे नातं, तेच कशाचं कशाशी’ असले जोड्यांचे प्रश्न दिसले, तर ते ऑगस्ट २०११ च्या आधीचं आहे. तेव्हा गुणही २०० ते ८०० असे असायचे. आता व्हर्बलला १३० ते १७० मध्ये गुण मिळतात, एकेकाच्या टप्प्याने. जुन्या पुस्तकातले उतारे वाचायला चांगले असतात, तेवढ्यासाठी ठेवा. साडेतीन हजार शब्दांची यादी मागे असेल तर ती पानं सरळ मिटून टाका. का ते पुढे सांगते.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होतो. मला जमेल का?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज जरा खाली जातो, म्हणून सविस्तर सांगते.

ही परीक्षा तुमचं बोलणं तपासत नाही. उच्चार तपासत नाही, ‘फाडफाड’ तर नाहीच नाही. समोरचं वाक्य काय म्हणतंय आणि काय म्हणत नाही, हे धरून ठेवता येतं का, एवढंच ती बघते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं एक होतं: वाक्य ओळखीचं वाटतं, म्हणून ती ते अर्धंच वाचतात. मराठी माध्यमातला मुलगा अडखळत वाचतो, पण पूर्ण वाचतो. सुरुवातीला वेळेत तो मागे पडतो, पण अचूकपणात पुष्कळदा पुढे असतो. वेग सरावाने येतो. अर्धवट वाचायची सवय मोडायला मात्र फार दिवस लागतात.

मराठी माध्यमाची खरी अडचण कुठे येते? मोठ्या शब्दांत नाही, लहान शब्दांच्या जोडण्यांत. मागे एका मुलाने तीन वह्या भरून शब्द पाठ केले होते. ‘ऑब्स्ट्रेपरस’ विचारा, ‘पल्क्रिट्यूड’ विचारा, अर्थ तयार. सराव परीक्षेत तो अडला तो ‘ऑल बट फरगॉटन’ वर. ‘विसरलेलं सोडून सगळं’ असा अर्थ त्याने लावला आणि उत्तर उलटं आलं. ‘ऑल बट’ म्हणजे ‘जवळजवळ’. ‘एनिथिंग बट क्लिअर’ म्हणजे ‘अजिबात स्पष्ट नाही’. ‘नथिंग इफ नॉट ऑनेस्ट’ म्हणजे ‘आणखी काही असो नसो, प्रामाणिक नक्कीच’. ‘फॉर ऑल हिज लर्निंग’ मध्ये ‘फॉर’ दिसला की मुलं ‘च्यासाठी’ म्हणतात. अर्थ आहे ‘एवढी विद्वत्ता असूनही’. अशा पन्नासेक जोडण्या एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावा. तीन वह्यांपेक्षा तो कागद जास्त कामाला येईल.

मग शब्द पाठ करायचेच नाहीत का?

करायचे. पण हजारभर शब्द नीट आले तरी पुष्कळ आहे, आणि ‘नीट’ याचा अर्थ इंग्रजी शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द चिकटवणं नव्हे. ‘परफंक्टरी’ म्हणजे ‘कर्सरी’ असं पाठ केलेला मुलगा पंधरा दिवसांनी दोन्ही विसरतो. त्याला सांगा, परफंक्टरी म्हणजे पाट्या टाकणं. आयुष्यात विसरणार नाही, कारण पाट्या टाकणारा माणूस त्याने पाहिलेला असतो.

आपल्याकडे माणसांना नावं ठेवायला शब्दांची कमी नाही, आणि या परीक्षेतल्या शब्दांचा मोठा हिस्सा नेमका तोच असतो. पार्सिमोनियस म्हणजे कवडीचुंबक. सिकोफंट म्हणजे खुशमस्कऱ्या. गॅरुलस, वाचाळ. टॅसिटर्न, घुमा. कप्रिशस, लहरी. व्हॅसिलेट करणं म्हणजे धरसोड. इक्विव्होकेट करणं म्हणजे गोलमाल बोलणं, हो पण नाही आणि नाही पण नाही. ऑस्टेन्टेशस, भपकेबाज. प्लॅटिट्यूड म्हणजे निरोपसमारंभात ऐकतो तसलं गुळगुळीत वाक्य. फस्टिडियस म्हणजे चोखंदळ, पण चोखंदळपणा त्रास होईल इतका वाढलेला. भाजीवाल्याकडे एकेक भेंडी मोडून बघणारी माणसं डोळ्यांसमोर आणा. शब्दासमोर मराठी शब्द लिहा, त्याखाली तसा वागणारा ओळखीचा माणूस लिहा. वही कुणाला दाखवू नका.

एवढं झाल्यावर तो शब्द खऱ्या इंग्रजी वाक्यात दोन-तीनदा भेटायला हवा. नुसता मराठी अर्थ पुरत नाही. शब्द कौतुकाचा की टोमण्याचा, हे वाक्यातच कळतं.

सोप्या शब्दांचे वेगळेच अर्थ विचारतात म्हणे?

विचारतात, आणि गुण तिथेच जातात. अवघड शब्द दिसला की माणूस सावध होतो. ओळखीचा दिसला की गाफील राहतो.

‘क्वालिफाइड’ घ्या. आपल्याला ‘क्वालिफाइड डॉक्टर’ माहीत. ‘क्वालिफाइड प्रेज’ म्हणजे हातचं राखून केलेलं कौतुक. माझ्या स्वतःच्या परीक्षेत मी इथेच घसरले होते, आणि तेव्हा मी इंग्रजी घेऊन एमए करत होते. ‘अरेस्ट’ म्हणजे नुसती अटक नव्हे, एखादी गोष्ट रोखणं. ‘चेक’ म्हणजेही लगाम घालणं. ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर, ‘वॉन्ट’ म्हणजे उणीव, ‘फ्लॅग’ म्हणजे मंदावणं, थकून ढिलं पडणं. ‘डिस्क्रिमिनेटिंग’ हे चोखंदळ वाचकाचं कौतुक असू शकतं. ‘सँक्शन’ तर दोन्हीकडून बोलतो: मंजुरी देणं हाही अर्थ, निर्बंध घालणं हाही.

काही शब्द दिसतात एक आणि असतात दुसरंच. ‘एनर्व्हेट’ मध्ये मुलांना ‘एनर्जी’ ऐकू येते. अर्थ आहे निस्त्राण करणं. ‘नॉइसम’ चा आवाजाशी संबंध नाही, दुर्गंधीशी आहे. ‘रेस्टिव्ह’ माणूस आराम करत नसतो, तो चुळबुळत असतो. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचा हितसंबंध नाही असा, म्हणजे निःपक्षपाती. रस नसलेला माणूस म्हणजे ‘अनइंटरेस्टेड’.

मूळ धातूंवरून अर्थ ओळखता येतो का?

काही अंशी. संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक या एकाच घराण्यातल्या भाषा असल्याने आपल्याला थोडी मदत फुकट मिळते. ‘डेन्टल’ मध्ये दंत आहे, ‘नॉमिनल’ मध्ये नाम, ‘मॉर्टल’ मध्ये मृत, ‘नेव्हल’ मध्ये नाव. दु:ख, दुर्जन यांतला ‘दुस्’ आणि ‘डिस्फंक्शन’ मधला ग्रीक ‘डिस’ सख्खे नातेवाईक आहेत. ‘अमर’ मधला ‘अ’ आणि ‘इम्मॉर्टल’ मधला ‘इम्’ देखील.

पण नातेवाइकांवर किती विसंबायचं ते ठरवून ठेवा. ‘पेडेस्ट्रियन’ मधला ‘पेड’ म्हणजे पाय, आपला पाद. ‘पेडिअॅट्रिक’ मधला ‘पेड’ ग्रीक, म्हणजे मूल. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, अमूल्य. मुळावरून अंदाज बांधा, वाक्याकडून खात्री करून घ्या.

गाळलेल्या जागेचं उत्तर ओळखायची युक्ती काय?

पर्याय हाताने झाकायचे. खरंच, हाताने. मराठीतलं एक वाक्य घेऊन दाखवते, म्हणजे शब्दांचा अडसर राहणार नाही.

‘मितभाषी म्हणून ख्याती असलेल्या त्या प्राध्यापकांचं त्या संध्याकाळचं ______ भाषण ऐकून श्रोते चकित झाले.’

पर्याय: तुटक, पाल्हाळिक, विद्वत्तापूर्ण, कडवट, नम्र.

प्राध्यापक म्हटल्यावर ‘विद्वत्तापूर्ण’ कडे हात जातो. भाषण म्हटल्यावरही जातो. पण वाक्यात दोन खुंट्या आहेत: ‘मितभाषी’ आणि ‘चकित’. कमी बोलणाऱ्याने काय केल्यावर लोक चकित होतील? खूप बोलल्यावर. झाकलेल्या हाताखाली तुम्ही मनात ‘लांबलचक’ असा शब्द ठेवला, की हात काढल्यावर ‘पाल्हाळिक’ आपोआप समोर येतो. ‘चकित’ च्या जागी ‘खूश’ असतं तर उत्तर सांगताच आलं नसतं. जीआरईचं वाक्य तसं कधीच नसतं. उत्तराचा पुरावा वाक्यातच ठेवलेला असतो. सामान्यज्ञान वापरायचं नाही, प्राध्यापक कसे असतात हे आठवायचं नाही.

दोन-तीन जागा असतील तर पहिलीपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही. जिचा पुरावा सर्वांत स्पष्ट, ती आधी भरा. आणि सगळ्या जागा बरोबर आल्या तरच गुण मिळतो. तीनातल्या दोन बरोबर म्हणजे शून्य.

सहातून दोन शब्द निवडताना समानार्थी जोडी शोधायची ना?

निम्मं बरोबर. परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे की तुम्ही जोडी शोधणार, म्हणून ते एक खोटी जोडीही ठेवतात. पुन्हा मराठीतच:

‘समितीने पुलाच्या कामाचं कौतुक केलं खरं, पण ते ______ होतं: एका वाक्यात शाबासकी आणि पुढच्या चार वाक्यांत त्रुटी.’

पर्याय: भरभरून, बेताचं, मनमोकळं, लांबलचक, हात राखून, नाट्यमय.

‘भरभरून’ आणि ‘मनमोकळं’ ही जोडी झकास जमते, पण वाक्याला चालत नाही. ‘पण’ आणि अपूर्णविरामानंतरचा भाग दोन्ही तिला नाही म्हणतात. ‘बेताचं’ आणि ‘हात राखून’ हे शब्दकोशात शेजारी बसणार नाहीत, तरी या वाक्यात दोन्हींनी अर्थ तोच राहतो. आधी वाक्य, मग जोडी. उलट क्रमाने गेलात की सापळ्यात. इथेही एकच शब्द बरोबर आला तर गुण नाही.

वाक्यातल्या ‘खरं’ कडे लक्ष गेलं का? ‘कौतुक केलं खरं’ म्हटलं की पुढे ‘पण’ येणार, हे मराठी माणसाला न शिकवता कळतं. इंग्रजीत हेच काम ‘टु बी शुअर’, ‘अॅडमिटेडली’, ‘ग्रँटेड’ करतात. तो कान आपल्याकडे आहे, फक्त इंग्रजी वाचताना तो बंद असतो.

उतारे समजतात, पण दोन पर्यायांत अडकतो. काय करू?

सगळेच अडकतात, कारण एक बरोबर असतो आणि दुसरा त्याचा जरा जास्त बोलणारा भाऊ असतो. वर्गात मी हा उतारा देते. सरावासाठी मीच लिहिलेला आहे:

‘कात्रजच्या तलावातून जमिनीखालून पाणी आणून शहरातले हौद भरण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात झाली. आज आपण तिच्याकडे नागरी सोय म्हणून पाहतो. पण हेच पाणी शनिवारवाड्यातही पोचत होतं हे लक्षात घेतलं, तर या योजनेमागे केवळ लोकांची तहान होती असं म्हणणं घाईचं ठरेल.’

प्रश्न: लेखक कोणत्या विधानाशी सहमत होईल?
पहिला पर्याय, ही योजना पेशव्यांनी स्वतःच्या सोयीसाठीच केली. दुसरा, या योजनेमागे एकाहून अधिक हेतू असू शकतात. तिसरा, सामान्य लोकांना या पाण्याचा उपयोग झाला नाही.

दर बॅचमध्ये निम्मे हात पहिल्या पर्यायाला वर होतात. पेठेतली मुलं असतील तर वादही होतो, कारण एकाच्या वाड्यात अजून जुना हौद असतो. मग मी फळ्यावर एक अक्षर लिहिते: च. ‘सोयीसाठीच’. लेखकाने ‘केवळ तहान नव्हती’ म्हटलं. ‘केवळ वाडा होता’ असं कुठे म्हटलं? उत्तर दुसरं. ते मिळमिळीत वाटतं म्हणून मुलं सोडून देतात, आणि जीआरईत मिळमिळीत पर्यायच पुष्कळदा बरोबर असतो.

इंग्रजीत हा ‘च’ वेगवेगळ्या वेशात येतो: ओन्ली, सोल्ली, ऑलवेज, नेव्हर, एन्टायरली, प्रायमरिली. पर्याय वाचताना मनात मराठी करा आणि ‘च’ ऐकू आला की उताऱ्यात परत जाऊन त्याचा पुरावा मागा. मिळाला तर घ्या. ‘च’ असला म्हणजे पर्याय चूकच, असंही नाही. तोही चकारच झाला.

उताऱ्याखाली तीन पर्यायांना चौकोनी खुणा होत्या. ते काय असतं?

तिथे एक, दोन किंवा तिन्ही पर्याय बरोबर असू शकतात. बरोबर असलेले सगळे निवडले तरच गुण. प्रत्येक पर्याय स्वतंत्र, हो की नाही असा तपासा. आणखी एका प्रकारात उताऱ्यातल्याच एका वाक्यावर क्लिक करायचं असतं.

वाचायचं काय? रोज अग्रलेख वाचतो, तरी फरक नाही.

अग्रलेखात मत पहिल्या ओळीपासून माहीत असतं. जीआरईचा उतारा तसा नसतो. एक समजूत मांडतो, तिला धक्का देतो, मग धक्क्यालाही थोडी मर्यादा घालतो. हे वळण सापडतं ते पुस्तक-परीक्षणांत आणि अभ्यासपूर्ण नियतकालिकांत. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मधली परीक्षणं चांगला व्यायाम देतात. विद्यापीठाचं ओळखपत्र असेल तर जयकर ग्रंथालयात जाऊन बसा. विषय मुद्दाम नावडते घ्या. कम्प्युटरवाल्याने कलेचा इतिहास, बायोटेकवालीने अर्थशास्त्र. परीक्षेत भौतिकशास्त्रापासून साहित्यापर्यंत काहीही येतं, आणि ‘मला यातलं कळत नाही’ ही भावना आधीच सवयीची झालेली बरी. विषयाचं ज्ञान लागत नाही. लागतं ते उताऱ्यातच असतं.

रोज एक लेख, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर समासात तीन-चार शब्द, मराठीत चालतील: ‘जुनं मत’, ‘शंका’, ‘नवा पुरावा’, ‘पण पूर्ण नाही’.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड येतो का?

पहिल्या भागात जे कराल त्यावर दुसऱ्याची पातळी ठरते. चांगला केलात तर अवघड येतो, आणि वरचे गुण मिळवायचे तर तो अवघडच यायला हवा. तेव्हा दुसरा भाग कठीण वाटला म्हणून घाबरू नका. एका भागात मागेपुढे जाता येतं, प्रश्नाला खूण करून ठेवता येते. भाग संपला की परत फिरता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

वेळ पुरत नाही.

प्रश्नामागे दीड मिनिट येतं. शब्दांचे प्रश्न मिनिटात किंवा त्याआधी उरका, वाचलेला वेळ उताऱ्यांना द्या. शब्दच माहीत नसेल तर तीन मिनिटं त्याच्याकडे टक लावून अर्थ उगवत नाही.

व्हर्बलला किती गुण म्हणजे चांगले?

कुठे आणि कशासाठी अर्ज, यावर आहे. इतिहास किंवा इंग्रजीसाठी १६० च्या वर हवेत असं मी सांगते. मेकॅनिकलला १५२ ने कुणाचा घास अडकलेला मी पाहिला नाही. एक लक्षात घ्या: व्हर्बलमधले १६० हे क्वांटमधल्या १६० पेक्षा पर्सेंटाइलमध्ये पुष्कळ वर असतात, कारण जगभरातून क्वांटला वरचे गुण घेणारे भरपूर असतात. मावशीच्या मुलाच्या बेरजेशी आपली बेरीज ताडून बघण्यात अर्थ नाही. शिवाय २०२० नंतर अनेक विभागांनी जीआरईची अट काढली किंवा ऐच्छिक केली. अर्ज करायच्या प्रत्येक विभागाचं पान स्वतः वाचा. एकाच विद्यापीठात दोन विभागांचे नियम वेगळे असू शकतात.

घरून द्यावी की केंद्रावर?

घरून देता येते, २०२० पासून. खोलीत तुम्ही एकटे हवेत, कॅमेऱ्याने खोली दाखवावी लागते, इअरफोन चालत नाही, साधा कागद चालत नाही. कच्च्या कामाला छोटा व्हाइटबोर्ड चालतो. आता पुण्याचं सांगते. गुरुवारी देऊ नका, दुरुस्तीसाठी वीज जायचा तो वार. माझ्या एका विद्यार्थिनीची वीज दुसऱ्या भागाच्या मध्यावर गेली आणि तो दिवस वाया गेला. गणपतीच्या आधीच्या महिना-दीड महिन्यात नदीकाठच्या सोसायट्यांनी तर नावच काढू नये. संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की खिडक्या लावूनही ताशा आत येतो. आणि एकत्र कुटुंब असेल तर दाराला कडी लावली तरी कुणीतरी चहा घेऊन दार वाजवतंच. मी केंद्राचाच सल्ला देते. पुण्यात तारीख सोयीची मिळाली नाही तर मुंबई गाठा, पण आदल्या रात्री. सकाळच्या एक्स्प्रेसवर भरवसा ठेवून नको.

मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, आणि नोंदणी करताना त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच टाका. आपल्याकडे मधलं वडिलांचं नाव कुठे असतं, कुठे नसतं, तिथे गोंधळ होतो.

जीआरई दिली की टोफेल किंवा आयईएलटीएस नको ना?

त्या इंग्रजी किती येतं हे बघणाऱ्या वेगळ्या परीक्षा आहेत. तिथे ऐकणं, बोलणंही तपासतात. विद्यापीठाने मागितली असेल तर द्यावीच लागते.

जीमॅट किंवा कॅटसाठी तुमच्या वर्गाचा उपयोग होईल?

एमबीएच्या या प्रवेशपरीक्षांना उताऱ्यांपुरता होईल, शब्दांपुरता नाही. जीमॅटच्या नोव्हेंबर २०२३ पासूनच्या स्वरूपात व्हर्बलला ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, सगळे उतारे आणि युक्तिवाद तपासण्याचे. व्याकरणाची वाक्यं सुधारायचा प्रकार गेला. कॅटमध्ये उताऱ्यांचं वजन मोठं आहे, शिवाय परिच्छेदातली वाक्यं क्रमाने लावणं असतं, आणि पर्याय असलेल्या प्रश्नांत चुकीला एक गुण कापतात. ‘एकही सोडू नका’ हा माझा सल्ला तिथे अंगाशी येईल.

मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. सुरुवात कधी करावी?

वाचन आजपासून, बाकी तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर. अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षासाठी पुष्कळ ठिकाणी अर्जाची मुदत आधीच्या डिसेंबर-जानेवारीत असते. सप्टेंबरपर्यंत परीक्षा दिली तर गरज पडल्यास परत द्यायला जागा राहते. दोन प्रयत्नांत २१ दिवसांचं अंतर लागतं, आणि कुठल्याही बारा महिन्यांत पाचदाच देता येते. गुण पाच वर्षं चालतात. कुठले गुण पाठवायचे ते तुम्ही ठरवता, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तर तो सगळ्या विद्यापीठांना कळतो हा समज चुकीचा आहे. आणि आई, मुलीला रात्री अकरा वाजता शब्द विचारू नका.

क्लास लावायलाच हवा का?

नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या दोन सराव परीक्षा संकेतस्थळावर मोफत आहेत, हुबेहूब खऱ्यासारख्या. एक सुरुवातीला द्या, दुसरी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखा. त्यांचेच छापील प्रश्नसंच मिळतात. बाहेरच्या संचांतले शब्द विनाकारण अवघड आणि पुरावे ढिले असतात. पहिल्याच सराव परीक्षेत १५८ च्या वर आलात तर माझ्याकडे येऊ नका, पैसे वाचवा. चुका कुठे होतात हे स्वतःला सांगता येत नसेल, तर या. येताना चुकलेल्या प्रश्नांची वही आणा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहिलेलं हवं: शब्द माहीत नव्हता, लहान शब्द निसटला, ‘च’ दिसला नाही, की घाई. ‘सिली मिस्टेक’ असं लिहिलेली वही मी परत देते.

संपलेल्या बॅचची पुस्तकं तुम्ही विकत घेता का?

नाही. दाराजवळच्या फळीवर ठेवून जा, पुढचं कुणीतरी नेतं. फक्त पेन्सिलने लिहिलेली उत्तरं आधी खोडून टाका.